परीक्षा अर्जावर चालणारे विद्यापीठ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते सर हिशेबाचे पक्के होते. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे बिलसुद्धा त्यांनी पावतीशिवाय कधी मंजूर केले नाही आणि त्यापायी विद्यार्थी प्रतिनिधींच्या शिव्याही खाल्ल्या. त्यांच्या नावाने उभे राहून विद्यापीठांच्या उज्ज्वल परंपरेवर तासभर गोड बोलायचे, हे मला जमणारे नाही. तेव्हा आज पैशांवर बोलतो. विद्यापीठाचा पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि त्यात सरकारने किती घालायला हवा, एवढाच विषय आहे. रूक्ष आहे, पण दरवाजे उघडे आहेत. कंटाळा आला तर उठून जाणाऱ्यावर माझा राग नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पगार बाजूला ठेवले तर महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठे मुख्यतः तालुक्यातालुक्यांतल्या मुलामुलींच्या परीक्षा अर्जावर चालतात. हे न्यायाचे नाही आणि आता फार काळ टिकणारेही नाही.

सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे विधिमंडळाच्या कायद्याने उभे राहिलेले विद्यापीठ. आपल्याकडे १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतची, शेतकी आणि वैद्यकीय सोडून, बहुतेक राज्य विद्यापीठे त्यात येतात. लोक त्यांना सर्रास ‘सरकारी विद्यापीठ’ म्हणतात. लोकांची समजूत अशी की सरकारी दवाखान्याला जसा सरकार पैसा देते तसा इथेही देत असेल. प्रत्यक्षात राज्य शासनाचा मोठा वाटा एकाच गोष्टीत आहे: मंजूर आणि भरलेल्या पदांचे पगार. ‘मंजूर’ आणि ‘भरलेल्या’ हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. विजेचे बिल, वसतिगृहाच्या टाक्या, प्रयोगशाळेतली रसायने, ग्रंथालय, गळकी छपरे, कंत्राटी शिक्षकांचे मानधन, सुरक्षारक्षक, संगणक प्रणाली, हे सगळे विद्यापीठाने ‘स्वनिधी’तून भागवायचे.

आता हा स्वनिधी कसा जमतो ते पाहू. विद्यापीठाच्या अधिसभेच्या एका मुदतीत मी सभासद होतो. मार्च महिन्यात अंदाजपत्रकाचा जाडजूड ग्रंथ हातात पडे. बहुतेक सभासद त्यात आपल्या जिल्ह्यातल्या उपकेंद्राला किती मिळाले ते पाहत आणि ग्रंथ मिटत. मी जमेची बाजू वाचत असे. परीक्षा शुल्क. गुणपत्रिका शुल्क. विलंब शुल्क. अतिविलंब शुल्क. उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीचे शुल्क. पुनर्मूल्यांकन शुल्क. पदवी प्रमाणपत्र शुल्क. स्थलांतर प्रमाणपत्र शुल्क. मग महाविद्यालयांकडून येणारे संलग्नीकरण शुल्क, आणि शेवटी ठेवींवरचे व्याज. या यादीत एक गोष्ट मला फार टोचत असे: मुलगा एका विषयात नापास झाला की विद्यापीठाला पुन्हा पैसे मिळतात. तपासणीत चूक झाल्याचा संशय आला तर त्याने आधी प्रतीसाठी पैसे भरायचे, मग फेरतपासणीसाठी. कुणी दुष्टपणाने हे रचले असे मी म्हणत नाही. पण ज्या संस्थेची मिळकत विद्यार्थ्याच्या अडचणीशी बांधलेली आहे, तिने ती अडचण कमी करायची घाई का करावी?

महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कधी उभे राहून पाहा. एसटीने आलेला मुलगा, हातात बारीक घडी केलेल्या नोटा, आणि आतले लिपिक सांगतात की मुदत काल संपली, आता विलंब शुल्क लागेल. शेतावर मजुरी करणाऱ्या घरात त्या जादा शंभर-दोनशेचा अर्थ काय होतो, हे इथल्या निम्म्या श्रोत्यांना ठाऊक आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे शुल्क शासन भरते हे खरे. पण विलंब शुल्क भरत नाही, आणि जे भरते ते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून कधी येईल याचा भरवसा नसतो. मधल्या काळात महाविद्यालय विद्यापीठाकडे सवलत मागते आणि विद्यापीठ शासनाकडे बोट दाखवते. शासन सर्व्हरकडे दाखवते.

पैसा कुणाचा आणि खर्च कुणासाठी, हा प्रश्न मी काढलेला नाही. तो १८८२ सालचा आहे. हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. प्राथमिक शिक्षणाला त्या पैशात हक्काचा वाटा हवा, असे ते म्हणाले. हे निवेदन आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. त्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे आणि ते खाजगी हातांत सोपवावे, या विचाराला फुल्यांनी त्याच निवेदनात विरोध केला होता. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि शाळा-महाविद्यालयांचा निःपक्षपातीपणा धोक्यात येईल, हे त्यांनी ओळखले होते. पैसा कुणाच्या घामाचा हे विचारणारा आणि सरकारने पळ काढू नये म्हणणारा माणूस एकच होता. आज ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे त्याच्यासकट राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांना हे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. तेव्हा रयतेचा पैसा सारा म्हणून वर जात होता, आता परीक्षा शुल्क म्हणून जातो.

परीक्षा शुल्काची ही सवय आपल्या विद्यापीठांना जन्मापासूनची आहे. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबईची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ ची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यातलेच. परीक्षा घेणारे मंडळ परीक्षेच्या शुल्कावर चालले तर त्यात वावगे काही नव्हते. पुढे १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांनी स्वतः शिकवावे, संशोधन करावे अशी सोय झाली. मुंबईत १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. विद्यापीठाचे काम पालटले, पण उत्पन्नाचा पाया मात्र परीक्षा मंडळाचाच राहिला.

दानशूरांचे काय, असे कुणी विचारील. मुंबईत दान पुष्कळ झाले. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले; प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख. तो मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. आणि २०२५ साली मुकेश अंबानी यांनी आपल्या जुन्या संस्थेला, म्हणजे वर सांगितलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला (पूर्वीच्या यूडीसीटीला), १५१ कोटी रुपये दिले. या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण दाता मनोरा बांधून देतो, मनोऱ्याच्या घड्याळाला दर आठवड्याला किल्ली देणाऱ्याचा पगार देत नाही. दान जाते तेही नाव असलेल्या ठिकाणी, श्रीमंत माजी विद्यार्थी असलेल्या विभागाकडे. मराठीच्या, भूगोलाच्या, पालीच्या विभागाचे माजी विद्यार्थी शाळांत शिकवतात. त्यांनी कितीही मनापासून वर्गणी काढली तरी त्यातून एक प्राध्यापक उभा राहणार नाही.

दिल्लीचा हात कसा आखडला ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा; चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष होते. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोग राज्यांच्या विद्यापीठांनाही विकासासाठी थेट पैसे देत असे. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि तो ओघही आटला. २०१३ पासून ‘रुसा’ आणि २०२३ पासून ‘पीएम-उषा’ या केंद्राच्या उच्च शिक्षण योजना आल्या. त्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, आणि पैसा निवडक विद्यापीठांना. वेतन आयोगाचेही तसेच. सहाव्या आयोगाच्या वेळी शिक्षकांच्या वाढीव पगाराचा ८० टक्के भार ठरावीक काळापुरता केंद्राने उचलला होता, सातव्याच्या वेळी तो ५० वर आला. सहाव्याच्या थकबाकीवरून २०१३ साली प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला होता, आणि पेपर तपासणीविना पडून राहिले, हे पालकांना आठवत असेल.

आता ‘मंजूर’ आणि ‘भरलेली’ पदे. शासन भरलेल्या पदाचा पगार देते. म्हणून पद रिकामे ठेवले की शासनाचे पैसे वाचतात. २०१७ साली शासनाने भरतीच थांबवली. मग २०१८ च्या नोव्हेंबरात महाविद्यालयांतील ३,५८० सहायक प्राध्यापक पदे भरायला परवानगी मिळाली, २०२१ साली २,०८८ पदांना. या मधल्या वर्षांत किती माणसे निवृत्त झाली असतील याचा अंदाज तुम्हीच करा. परवानगी मिळाली तरी आकृतिबंध, वित्त विभागाचा शेरा, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, निवड समिती, एवढी वाट तुडवायची. राज्य विद्यापीठांत अध्यापकांच्या ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या आहेत असे नीती आयोगाच्या २०२५ च्या अहवालात देशभरासाठी म्हटले आहे. महाराष्ट्रात परिस्थिती याहून बरी आहे असे म्हणणारा कुलगुरू मला अजून भेटलेला नाही.

रिकाम्या जागेवर शिकवते कोण? तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याला सगळे ‘सीएचबीवाला’ म्हणतात. नेट-सेट झालेला, बहुधा पीएच.डी. झालेला, चाळिशीकडे झुकलेला. तासाचा दर ठरलेला, आठवड्याचे तास ठरलेले, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य, आणि बिल निघते सत्र संपल्यावर. त्याला संशोधन प्रकल्प मिळत नाही, पीएच.डी.चे विद्यार्थी मिळत नाहीत. जूनमध्ये पुन्हा मुलाखत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात, पेट्रोल पदरचे. असे अनेक जण माझे विद्यार्थी आहेत. ‘सर, पुढच्या वर्षी जाहिरात येईल का?’ असे ते विचारतात, आणि मी विषय बदलतो.

या काटकसरीची किंमत कागदावर दिसायला लागली आहे. राष्ट्रीय मानांकनात पुणे विद्यापीठ २०२४ साली विद्यापीठ गटात २३ वे होते, २०२५ साली ५६ वे. वर्तमानपत्रांनी ‘घसरण’ म्हणून मथळे दिले, चौकशीच्या मागण्या झाल्या. मानांकनाच्या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. पण शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण तिथे मोजले जाते, आणि शिक्षक नेमलेच नाहीत तर ते प्रमाण कुठून आणायचे?

प्रयोगशाळेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मला एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दाखवला होता. योजनेच्या पैशातून घेतलेला, वर प्लॅस्टिकचे आच्छादन, दारावर उद्घाटनाची पाटी. बंद का, असे विचारले तर कळले की वार्षिक देखभाल कराराची मुदत संपली आहे आणि करार हा चालू खर्च असल्याने तो योजनेत बसत नाही. बैलजोडी घेऊन द्यायची आणि वैरणीचे पैसे मागितले की शेतकऱ्यालाच उधळ्या म्हणायचे, असा हा कारभार. विद्यार्थिनी तिच्या नमुन्यांची डबी घेऊन दुसऱ्या शहरातल्या संस्थेत जाते आणि तिथे तासाप्रमाणे पैसे भरून प्रतिमा काढून आणते.

एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्राची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना सुरू झाली आणि तेरा हजारांच्या आसपास संशोधन नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. ग्रंथपालांना दरवर्षी कोणते नियतकालिक बंद करायचे याची यादी करावी लागत असे, ती चिंता पुष्कळ कमी झाली. सरकारने ठरवले तर होते, एवढाच याचा अर्थ. याउलट, महाविद्यालयांकडून घेतलेल्या संलग्नीकरण शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो असेही केंद्राने २०२४ साली स्पष्ट केले. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, हे जमाखर्चाच्या पुस्तकात नीट दिसते.

आता सरकारी बाजूचे दोन युक्तिवाद घेतो, कारण ते अगदीच पोकळ नाहीत. पहिला असा की महाराष्ट्र उच्च शिक्षणावर आधीच भरपूर खर्च करतो. नीती आयोगाच्या त्याच अहवालात एकूण रकमेत महाराष्ट्र देशात पहिला आहे. हे मान्य. पण ती रक्कम मुख्यतः अनुदानित महाविद्यालयांच्या पगारात जाते. पगार हा खर्च आवश्यकच, पण पगारापलीकडे विद्यापीठाच्या हाती काय पडते हा माझा प्रश्न आहे. दुसरा युक्तिवाद मंत्रालयात नेहमी ऐकू येतो: विद्यापीठांकडे ठेवी आहेत, आधी त्या मोडा. जुन्या, मोठ्या विद्यापीठांकडे ठेवी आहेत. त्यातल्या कितीतरी सुवर्णपदकांच्या, दात्यांच्या, निवृत्तिवेतनाच्या नावाने बांधलेल्या असतात. उरलेल्या मोडल्या तर तूट एखाददुसरे वर्ष भरेल. आणि त्या ठेवी जमल्या कशातून? परीक्षा शुल्कातूनच.

शिवाय ज्यांच्याकडे ठेवी नाहीत त्यांनी काय करायचे? गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली एवढे दोन जिल्हे त्याच्याकडे. भामरागडचा विद्यार्थी आणि मुंबईच्या फोर्टमधला विद्यार्थी यांच्याकडून येणाऱ्या शुल्कावर दोन विद्यापीठे सारखीच चालतील अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे जाणूनबुजून डोळे मिटणे आहे. जिथे शिक्षणाची गरज सगळ्यात जास्त, तिथे स्वनिधी सगळ्यात कमी.

आणि खरा पेच पुढेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे पंधरा वर्षांत संलग्नीकरणाची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. महाविद्यालये स्वायत्त होत आहेत, समूह विद्यापीठे निघत आहेत. साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ त्यातलेच. स्वायत्त महाविद्यालय स्वतः परीक्षा घेते आणि शुल्क स्वतःकडे ठेवते. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. चांगली महाविद्यालये दीडशे वर्षे जुन्या परीक्षा यंत्राला जखडून ठेवणे चूकच होते. मात्र जी सगळ्यात आधी सुटतात ती मोठी, शहरी, पैसे बाळगून असलेली. मागे राहतात तालुक्याची. म्हणजे विद्यापीठाचे उत्पन्न घटणार आणि उरलेला भार आणखी गरीब मुलांच्या अर्जांवर पडणार. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, श्रेयांकांची बँक, आंतरवासिता ही सगळी नवी कामे त्याच वेळी आली आहेत. नव्या कामांसाठी नवी पदे किती मंजूर झाली, हे विधिमंडळात विचारून पाहा.

विद्यापीठांचा स्वतःचा कारभार धुतल्या तांदळासारखा आहे असे मी म्हणणार नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने तयारी नसताना संगणकावर उत्तरपत्रिका तपासायचा घाट घातला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले. परदेशात प्रवेश मिळालेल्या मुलांची वर्षे गेली. असल्या संस्थेला आणखी पैसे का द्यावेत, हा करदात्याचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की पैसे द्या आणि हिशेब मागा. हिशेब बरा नाही म्हणून पैसेच द्यायचे नाहीत, हा न्याय आपण सिंचनाला लावत नाही, रस्त्यांना लावत नाही.

मग मागायचे काय? कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. २०२० च्या धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. देशाने तो कधीच गाठला नाही, म्हणून त्याची घोषणा करून मी खाली बसणार नाही. पुन्नय्या समितीने नव्वदच्या दशकात विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के, पुढे दहा वर्षांत २५ टक्के स्वतः उभारावे असे सुचवले होते. ती शिफारस केंद्रीय अनुदानावरच्या विद्यापीठांसाठी होती आणि तिच्यावर तेव्हा डाव्यांनी फार टीका केली; मीही केली. आज आपल्या राज्यांच्या विद्यापीठांकडे पाहिले की ती शिफारस उदार वाटते.

माझी मागणी साधी आहे. परीक्षा शुल्कातून फक्त परीक्षा चालाव्यात, आणि शुल्क तेवढ्यापुरतेच आकारावे. शिकवणे, संशोधन, ग्रंथालय, वसतिगृह, इमारतींची डागडुजी हा राज्याच्या तिजोरीचा खर्च आहे. त्यासाठी पगारापलीकडचे अनुदान दर विद्यार्थ्यामागे ठरवा आणि निदान पाच वर्षांसाठी बांधून द्या, म्हणजे कुलगुरूंना दर मार्चमध्ये मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. गडचिरोली, नंदुरबार, किनवट अशा भागांतल्या विद्यार्थ्यामागे ते जास्त ठेवा. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाची जागा त्याच्या निवृत्तीच्या आधीच जाहीर झाली पाहिजे. निवृत्तीची तारीख तर नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. आणि शिष्यवृत्तीची देय रक्कम सत्र संपायच्या आत आली नाही, तर शासनानेही विलंब शुल्क भरावे. विद्यार्थी भरतोच की.

हे आपोआप होणार नाही. देशातले सुमारे ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात, पण त्यांच्या नावाने मोर्चा निघत नाही, कारण तीन-चार वर्षांत ते पदवी घेऊन बाहेर पडतात. बाहेर पडलेले पदवीधर म्हणजे आपण इथे बसलेले लोक. विधान परिषदेत पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात आमदार आहेत. प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, आणि त्या निवडणुकीत मतदान करायचे तर आधी नाव नोंदवावे लागते. या सभागृहात किती जणांनी ते नोंदवले आहे, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे. पुढची नोंदणी निघेल तेव्हा अर्ज भरा. मत मागायला जो येईल त्याला एकच आकडा विचारा: आपल्या विद्यापीठाला पगाराखेरीज शासनाकडून दर विद्यार्थ्यामागे किती रुपये मिळतात? आकडा सांगता आला नाही तर मत देऊ नका.